'लेजंड्स' ओळीच्या शेवटी कुठे तोडायचा? आणि इंग्रजी कोशातला 'जॅगरी' आपला गूळ आहे का?

खिळाजुळणी:
नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत आमचं छपाईचं दुकान आहे. वडील छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे, मी संगणकावर पानं लावते. गेल्या पंधरवड्यात दोन गोष्टी घडल्या, त्या डोक्यातून जाईनात म्हणून धागा काढतेय.

पहिली एका तालमीच्या स्मरणिकेची. जुन्या मल्लांची नातवंडं परदेशात असतात, म्हणून शेवटची काही पानं इंग्रजीत होती. खासबागेचं मैदान गाजवलेल्या मल्लांवरच्या लेखात 'लेजंड्स' शब्द ओळीच्या टोकाला आला आणि सॉफ्टवेअरने तो तोडला. वरच्या ओळीत 'लेग' आणि हायफन, खालच्या ओळीत 'एंड्स'. ज्यांच्या पायांवर तालीम उभी राहिली त्यांच्याबद्दलच्या लेखात पाय आणि टोकं! पाचशे प्रती बांधून झाल्यावर मंडळातल्या एका वयस्क गृहस्थांनी त्या जागेवर बोट ठेवलं. ते रागावले नाहीत, नुसतं "पोरी, हे बघ" म्हणाले. मला ते जास्त लागलं. ती पानं स्वखर्चाने परत छापून दिली.

रात्री अमेरिकन कोश उघडला. शब्दाच्या मध्ये जो ठिपका असतो तो बरोबर तिथंच! एल-ई-जी, ठिपका, ई-एन-डी. म्हणजे यंत्र कोशाप्रमाणे बरोबर. मग माझ्या कानाला 'ले-जंड' का बरोबर वाटतं? शाळेत सांगितलं होतं की ठिपके म्हणजे उच्चाराचे तुकडे. ते खरं असेल तर हा शब्द 'लेग-एंड' असा वाचायला हवा.

दुसरी गोष्ट गुळाच्या लेबलाची. परदेशी जाणाऱ्या डब्यावर 'जॅगरी म्हणजे काय' हे दोन ओळींत हवं होतं. कोशातून उचलावं म्हटलं, तर पाहिले ते तिन्ही कोश म्हणतात, ताडाच्या रसापासून केलेली तपकिरी साखर. कोल्हापुरात बसून हे कसं छापू?

फळा_खडू:
ताई, आधी ठिपक्यांचं. तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यातली पहिली दहा मीही मुलांना तेच चुकीचं सांगितलं, म्हणून नीट लिहितो.

कोशातला ठिपका छापणाऱ्यासाठी असतो. ओळ संपली तर शब्द इथं तोडायला हरकत नाही, एवढंच तो सांगतो. उच्चाराचे तुकडे शेजारी उच्चारचिन्हांत वेगळे दिलेले असतात. पडताळा हवा असेल तर 'अबाउट' काढा. बोलताना सरळ दोन तुकडे आहेत, तरी नामांकित अमेरिकन कोशात मूळ नोंदीत ठिपका नाही. कारण तोडला तर ओळीच्या टोकाला एकटा 'ए' लोंबकळत राहील, आणि एक अक्षर वाचवून जागा कसली वाचणार?

आता 'लेग' का? यामागे नोआ वेब्स्टर या अमेरिकन कोशकाराचा हात आहे. 1783 साली त्याने अमेरिकेतल्या मुलांसाठी स्पेलिंगचं पुस्तक काढलं. त्याआधी तिथं थॉमस डिलवर्थ या इंग्रज शिक्षकाचं पुस्तक चालायचं आणि त्यात 'हॅबिट' एच-ए आणि बी-आय-टी असा तोडलेला असे, 'बिशप' बी-आय आणि एस-एच-ओ-पी असा. वेब्स्टरचं म्हणणं, पोराने नुसतं एच-ए पाहिलं तर तो 'हे' वाचेल, बी-आय पाहिलं तर 'बाय'. स्वर ऱ्हस्व आहे हे कळायचं असेल तर पुढचं व्यंजन त्याच्याच गळ्यात बांधा. म्हणून 'हॅब-इट', 'बिश-अप'. तोच न्याय 'लेजंड'ला. एल-ई एकटं सोडलं तर वाचणारा 'ली' म्हणेल, म्हणून जी अलीकडे.

तुमच्या बाबतीत काय झालं बघा. नियमाने स्वर वाचवला आणि व्यंजन घालवलं. जी-चा 'ज' होतो तो पुढच्या ई-मुळे. ती ई खालच्या ओळीत गेली, वर उरला तो 'ग'. त्यात 'लेग' हा स्वतंत्र शब्द आहे, डोळा तिथंच अडकणार. कोश चुकला नाही, सॉफ्टवेअर चुकलं नाही आणि त्या गृहस्थांची तक्रारही खरी.

पंचगंगा_घाट:
सर, यात आपल्या कानाचाही भाग आहे असं मला वाटतं. आपण अक्षरं लिहितो. व्यंजन पुढच्या स्वराला चिकटून येतं: ले, जं, ड. 'सवय' आपण स-व-य म्हणू, सव्-अय कधीच नाही. म्हणून मराठी माणसाला इंग्रजी शब्द व्यंजनाच्या आधी तोडावासा वाटतो आणि वेब्स्टरचा माणूस व्यंजनाच्या नंतर तोडतो. ताईंचा कान बिघडलेला नाही, तो देवनागरीत वाढलाय.

खिळाजुळणी:
सर, घाटकर, दोघांचे आभार. 'स्वर वाचवला, व्यंजन घालवलं' हे वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, आमच्या वेळी हा प्रश्न स्टिकमध्येच, म्हणजे खिळे जुळवायच्या हातातल्या पट्टीतच, सुटायचा. ओळ जुळवताना शेवटचा शब्द वाईट तुटतोय असं दिसलं की शब्दांमधल्या स्पेस बदलायच्या, जाड काढून पातळ घालायच्या, नाहीतर मागच्या दोन ओळी परत उलगडायच्या. सलग तीन ओळींच्या टोकाला हायफन आला तर फोरमन ओळ मोडायला लावायचा. पान उलटल्यावर अर्धा शब्द वाचायला लागेल असं तर कधीच नाही. त्यांची एक सवय होती, वरची ओळ एकटीच मोठ्याने वाचायची. खालची ओळ झाकून. जीभ अडखळली तर तोड वाईट. 'लेग' तिथंच सापडला असता.

ताराराणी_चौक:
मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, संगणक हे कसं ठरवतो ते सांगतो, कारण ते मला फार सुंदर वाटतं.

सगळा कोश पोटात ठेवायची सोय नव्हती त्या काळातली गोष्ट. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांच्या टेक या अक्षरजुळणी प्रणालीसाठी त्यांचा विद्यार्थी फ्रँकलिन लियांग याने स्टॅनफर्डला 1983 साली पीएचडीचा प्रबंध लिहिला. त्याने कोशातून अक्षरांचे छोटे छोटे नमुने काढले आणि दोन अक्षरांच्या मध्ये आकडा ठेवला. विषम आकडा म्हणजे इथं तोडा, सम म्हणजे तोडू नका. एकाच जागेवर चारपाच नमुने भांडायला लागले की मोठा आकडा जिंकतो. इंग्रजीसाठी फक्त 4447 नमुने पुरले. ज्या कोशावरून ते काढले त्यातल्या 89 टक्के जागा ते शोधतात, उरलेल्या सोडून देतात. सोडून दिलं तर नुकसान नाही, ओळ जरा सैल दिसेल. चुकीच्या जागी तोडलं तर नुकसान आहे.

अपवाद म्हणून 14 शब्द हाताने द्यावे लागले. त्यात 'प्रेझेंट' आणि 'प्रोजेक्ट' आहेत, आणि त्यांच्यासाठी सूचना एकच, हे तोडूच नका. नाम असेल तर 'प्रेझंट' पी-आर-ई-एस वर तुटतो, क्रियापद असेल तर पी-आर-ई वर. आघात बदलला की ठिपका सरकतो. शब्द नाम आहे की क्रियापद हे यंत्राला अक्षरांवरून कळत नाही. 'रेकॉर्ड'चंही तेच, नाम आर-ई-सी वर, क्रियापद आर-ई वर. अशा ठिकाणी माणूसच लागतो.

ताई, तुम्ही पानं लावायला इनडिझाइन हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर दोन गोष्टी करा. मजकूर निवडून भाषा बघा, इंग्लिश यूएसए आहे की यूके. ब्रिटिश पद्धत शब्दाच्या घडणीकडे जास्त बघते. 'नॉलेज' ब्रिटिश लोक 'नो' आणि 'लेज' असा के-एन-ओ-डब्ल्यू वर तोडतात, अमेरिकन एल अलीकडे ओढतात. 'डेमॉक्रसी' ब्रिटिश पद्धतीत 'डेमो'वर तुटते, म्हणजे ग्रीक 'डेमोस' (लोक) शाबूत राहतो. अमेरिकन पद्धतीत ती उच्चाराप्रमाणे सी-नंतर तुटते. एका स्मरणिकेत दोन्ही पद्धती मिसळल्या तर जाणकाराला खटकतं.

दुसरं, जो शब्द मुळीच तोडायचा नाही त्याच्या अगदी आधी कर्सर ठेवून कंट्रोल, शिफ्ट आणि हायफन दाबा. तो शब्द मग तुटत नाही. शब्दाच्या मध्ये तेच दाबलं तर गरज पडल्यास फक्त तिथंच तुटतो.

खिळाजुळणी:
शब्दाच्या आधी दाबायचं हे माहीत नव्हतं! मी आतापर्यंत जबरदस्तीने ओळ तोडत होते आणि मजकूर हलला की सगळं परत करत होते. भाषाही तपासली, यूएसए होती, लेख मात्र ब्रिटिश पद्धतीने, 'कलर' ओ-यू घालून लिहिलेला.

शिरोली_शिफ्ट:
ओळीच्या टोकाचा हायफन वेगळा आणि शब्दाच्या पोटातला वेगळा, हे इथं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्या कारखान्यात एका पोराने वरच्या ऑफिसला मेल लिहिली. कंत्राटावर परत सही करायची आहे असं त्याला म्हणायचं होतं. त्याने 'रिसाइन' असं सलग लिहिलं. सलग लिहिलं की त्याचा अर्थ राजीनामा. 'री' नंतर हायफन हवा होता. चार दिवस पोरगं हवालदिल, घरी बायको गरोदर. शेवटी फोनवर सुटलं. 'री-कव्हर' म्हणजे गादीला नवं कापड लावणं, सलग 'रिकव्हर' म्हणजे आजारातून उठणं. हा हायफन सजावटीचा नाही, त्यावर माणसाची नोकरी लटकते.

फळा_खडू:
अगदी खरं, दादा. आणि हा पोटातला हायफन काळाबरोबर गळतो. 'टुडे' आणि 'टुमॉरो' पूर्वी 'टू' नंतर हायफन देऊन लिहीत. 2007 साली ऑक्सफर्डच्या दोन खंडांच्या कोशाच्या नव्या आवृत्तीतून सुमारे 16,000 शब्दांतले हायफन काढले. 'आइस क्रीम' सुटा झाला, 'बंबलबी' जोडला गेला. 'ईमेल'मधला हायफन असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने 2011 साली सोडला. म्हणून जुना कोश हातात असेल तर तोडण्यासाठी वापरा, जोडण्यासाठी नवा बघा.

गंमत अशी की मुळात हायफन तोडायचं चिन्ह नव्हतंच. ग्रीकमध्ये त्या शब्दाचा अर्थ 'एकाखाली', म्हणजे एकत्र. दोन शब्द एक म्हणून वाचा हे सांगायला अक्षरांखाली कमान काढत. आपल्या व्याकरणात त्याला संयोगचिन्ह म्हणतात, ते मूळ अर्थाला धरून आहे. ओळीच्या टोकालाही तो हेच सांगतो, की शब्द संपला नाही, खाली या.

आई_शिवाजीपेठ:
सर, माझी मुलगी सहावीत आहे. तिला बाई शब्द तोडून आणायला सांगतात आणि ती कोशातले ठिपके उतरवून नेते. मग तिला काय सांगू? आणि कोश कुठला घेऊ? घरातल्या जाड कोशात व्याख्या वाचली की तिला व्याख्येतले आणखी तीन शब्द बघावे लागतात.

फळा_खडू:
ताई, तोडून आणायचं ते उच्चारासाठी असेल तर तिला टाळ्या वाजवून बोलू दे, जितक्या टाळ्या तितके तुकडे. ठिपके फक्त लिहिताना ओळ संपली तर.

कोश शिकणाऱ्यांसाठीचा घ्या, जाड नको. लाँगमनने 1978 साली ठरवलं की व्याख्या लिहिताना सुमारे 2000 सोप्या शब्दांच्या बाहेर जायचं नाही. 1987 साली कोबिल्ड कोश आला, त्याने व्याख्या पूर्ण वाक्यात दिल्या, जशी आई पोराला सांगते तशी. 'अमुक झालं की तुम्ही तमुक करता' असं. सहावीच्या मुलीला हे दोन्ही प्रकार झेपतात.

काहिलीकाठी:
आता माझं ऐका. करवीर तालुक्यात आमचं गुऱ्हाळ हाय, आज्ज्यापासनं. ताडाचा रस आमी डोळ्यानं बघितला न्हाई. ऊस घाण्यात घालायचा, रस काहिलीत, म्हंजी मोठ्या पसरट कढईत घ्यायचा, खाली चुलवाण पेटलेलं. रानभेंडीचं चिकट पाणी सोडलं की रसातला कचरा फेसासंगं वर येतो, त्यो झाऱ्यानं काढायचा. मग गुळव्या उभा ऱ्हातो. कुठल्या क्षणाला काहील उतरवायची हे त्येला कळतं, घड्याळाला न्हाई. जरा आधी उतरली तर काकवी, जरा उशीर झाला तर करपला. थंड करून ढेप. त्यात साखर आन मळी, म्हंजी काळपट पाक, कुठं वेगळी करत न्हाईत, रसातलं गोडपण हाय तसं. कारखान्यात यंत्र गरागरा फिरवून मळी बाजूला काढत्यात, ती साखर.

त्ये पुस्तकवाले एकदा इकडं येऊन काहिलीपाशी उभं ऱ्हायले असते तर असं लिहिलं नसतं. लई वाईट वाटलं वाचून.

पंचगंगा_घाट:
काहिलीकाठी दादा, तुमचा राग रास्त आहे, पण त्यांनी ताड कुठून आणला त्याची हकिगत आहे. 'जॅगरी' हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडून घेतलाच नाही. तो पोर्तुगीजांकडून घेतला. पोर्तुगीज 1498 मध्ये उतरले ते मलबारच्या किनाऱ्यावर. तिथं मल्याळममध्ये 'चक्करा' म्हणतात, त्याचा त्यांनी 'जागरा' केला आणि इंग्रजांनी 'जॅगरी'. तिकडे ताडामाडाचा गूळ भरपूर. म्हणून शब्दाबरोबर ताडाचा रसही कोशात गेला. 1886 साली आलेल्या हॉब्सन-जॉब्सन या अँग्लोइंडियन शब्दांच्या कोशातही ताडच आहे. पुढचे कोश बरेचदा मागच्या कोशांवर बसून लिहितात, त्यामुळे ऊस बाहेरच राहिला.

'चक्करा'चं मूळ आपली 'शर्करा'. तीच फारसीत 'शकर' झाली, अरबीतून युरोपात जाऊन इंग्रजीत 'शुगर' झाली. म्हणजे 'शुगर' आणि 'जॅगरी' या दोघी सख्ख्या बहिणी, एक खुश्कीच्या वाटेने गेली, एक समुद्राच्या. फारसीचा विषय निघाला म्हणून सांगतो, 1925 साली फारसी-मराठी कोश काढणारे माधवराव पटवर्धन पुढे आपल्या राजाराम कॉलेजात शिकवायला होते. कोशाचं काम कोल्हापूरला परकं नाही.

अव्ययीभाव:
मी संस्कृत शिकवायचे. न्यायशास्त्रात या दोषांना नावं आहेत, ती इथं तंतोतंत बसतात. व्याख्या म्हणजे लक्षण. ते चुकण्याच्या तीन वाटा. 'गाय म्हणजे तांबूस रंगाची' म्हटलं तर पांढऱ्या गाई बाहेर राहतात, ही अव्याप्ती. 'गाय म्हणजे शिंगं असलेली' म्हटलं तर म्हशी आत येतात, ही अतिव्याप्ती. 'गाय म्हणजे एका खुराची' म्हटलं तर एकही गाय बसत नाही, हा असंभव. बरोबर लक्षण कुठलं, तर गळ्याखाली लोंबणारी पोळी. ती प्रत्येक गाईला आहे.

'ताडाच्या रसाची साखर' यात कोल्हापूरचा गूळ बसत नाही, म्हणजे अव्याप्ती. काही जण नुसतं 'अशुद्ध साखर' लिहितात, त्यात खांडसरी आणि कच्ची साखरही शिरते, म्हणजे अतिव्याप्ती. गुळाची पोळी कुठली ते काहिलीकाठी दादांनी सांगून टाकलंय: मळी वेगळी न काढता आटवलेला रस. ऊस असो की ताड, हे सगळ्या गुळांना लागू पडतं आणि साखरेला पडत नाही.

ताराराणी_चौक:
बाई, हे वाचून उभा राहिलो. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना गुळाच्या सगळ्या प्रकारांना 'नॉन-सेंट्रिफ्युगल' साखर म्हणते. म्हणजे फिरत्या यंत्रात मळी वेगळी न केलेली. तुमचं लक्षण आणि त्यांचं एकच!

शिरोली_शिफ्ट:
पण मग कोशवाल्यांना पत्र का नको लिहायला? चुकलंय ते चुकलंय.

फळा_खडू:
जरूर लिहा, पण पुराव्यासकट. कोश हुकूम देत नाही, लोक शब्द कसा वापरतात ते नोंदवतो. सॅम्युएल जॉन्सन या इंग्रज कोशकाराने 1755 साली 'ओट्स'ची व्याख्या लिहिली, की इंग्लंडमध्ये हे धान्य घोड्यांना देतात आणि स्कॉटलंडमध्ये माणसं खातात. तो लंडनमध्ये बसला होता, तिथून जग जसं दिसलं तसं लिहिलं. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची कल्पना 1857 ची, पहिला भाग 1884 ला आला, पूर्ण झाला 1928 ला, आणि तो उभा राहिला सामान्य वाचकांनी पाठवलेल्या चिठ्ठ्यांवर. कुठल्या पुस्तकात शब्द कसा आला ते वाक्य उतरवून पाठवायचं. उसाच्या गुळाला 'जॅगरी' म्हटलेली छापील वाक्यं गोळा करा. भारतीय वर्तमानपत्रांत ढिगाने सापडतील.

कायद्याची व्याख्या मात्र वेगळी. कोल्हापूरच्या गुळाला 2014 साली भौगोलिक निर्देशांक (जीआय) मिळाला. ती नोंद वापर सांगत नाही, हद्द आखते. कोल्हापुरी चपलेला 2019 साली मिळाला तेव्हा त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकचे चार जिल्हे आले. कोशात 'कोल्हापुरी' कसाही लिहा, बाजारात ती नोंदच चालते.

काहिलीकाठी:
सर, आमच्या गुळाच्या पट्टीवर, म्हंजी विक्रीच्या चिठ्ठीवर, पेपरातल्या बाजारभावात इंग्रजीत 'जॅगरी'च लिहित्यात. पन्नास वर्षांच्या पट्ट्या घरात हायत. चालतील का?

फळा_खडू:
दादा, सोन्याहून पिवळं. तारखा दिसतील असे फोटो काढा. मी रविवारी करवीर नगर वाचन मंदिरात जुने कोश बघायला जाणार आहे, तिथं भेटू. पत्राचा मसुदा मी करतो.

खिळाजुळणी:
लेबलाचा मजकूर ठरला. इंग्रजीत छापलाय, अर्थ असा: "जॅगरी: उसाचा रस मळी वेगळी न काढता उघड्या काहिलीत आटवून केलेला घट्ट गोड पदार्थ, नॉन-सेंट्रिफ्युगल साखर." 'काहील'ला इंग्रजीत 'ओपन पॅन' घातलं. निर्यातदारांनी वाचून लगेच होकार दिला, फक्त 'कोल्हापूर' शब्द आधी हवा म्हणाले, तो घातला.

लेबल अरुंद आहे, त्यामुळे परत तोडायचा प्रश्न आलाच. 'नॉन-सेंट्रिफ्युगल' ओळीत मावेना. सॉफ्टवेअर त्याला 'सेंट्रि'पाशी दुसरा हायफन देत होतं. वडील म्हणाले, ज्या शब्दात हायफन आधीच आहे तो त्या हायफनवरच तोडायचा, दुसरा द्यायचा नाही. तसं केलं. 'जॅगरी'ला कोशात दोन जी-च्या मध्ये ठिपका आहे, वर 'जॅग' उरतो. खालची ओळ झाकून वाचलं, पटलं नाही. शब्दाच्या आधी कंट्रोल, शिफ्ट, हायफन दाबलं आणि तो अख्खा पुढच्या ओळीच्या सुरुवातीला घेतला. प्रूफ उद्या दुपारी निघेल. काहिलीकाठी दादा, रविवारी वाचन मंदिरात येताना एक घेऊन येते.